धातूच्या पोटातील हायड्रोजन आणि त्याचे सोबती

वर्धा शहरालगत भूगाव येथे पोलादाचा मोठा कारखाना आहे. पोलाद तयार करणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या दृष्टीने पावसाळा हा कसोटीचा काळ असतो. भिजलेले भंगार, हवेतील बाष्प शोषून घेणारा चुना आणि नीट न वाळलेले मिश्रधातूंचे खडे यांच्यासोबत पाणीही भट्टीत शिरते. सुमारे सोळाशे अंश सेल्सिअस तापमानाच्या रसाशी गाठ पडताच त्या पाण्याचे विघटन होते आणि त्यातील हायड्रोजन रसात विरघळतो. या तापमानाला वितळलेले लोखंड वजनाने दशलक्ष भागांत सुमारे २५ भाग हायड्रोजन सामावून घेऊ शकते. रस गोठताना ही क्षमता एकदम घसरते आणि थंड लोखंडात ती जवळपास शून्यावर येते. अडकून पडलेला हायड्रोजन मग जाड ठोकळ्यांच्या अंतर्भागात केसासारख्या बारीक भेगा पाडतो. दशलक्षात दोन-तीन भाग एवढे प्रमाणही त्यासाठी पुरते.

परंतु याच पोलादात व्हॅनेडियम, निओबियम किंवा टायटॅनियम यांची कार्बाइडे सूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेली असतील, तर हायड्रोजन त्यांच्याजवळ अडकून राहतो आणि भेगांच्या टोकाशी गोळा होत नाही. उलट मँगॅनीज सल्फाइडचे लांबट कण असतील, तर हायड्रोजन तेथे साचून भेगेची सुरुवात करतो. म्हणजे हायड्रोजन किती आहे, या प्रश्नाइतकाच तो कोणाच्या संगतीत आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. ही गोष्ट सर्वांत ठळकपणे दिसते ती लोखंडाहून कितीतरी अधिक उष्णता सोसणाऱ्या, म्हणजे उच्चतापसह धातूंमध्ये. अणुभट्टी, कणत्वरक आणि संलयन भट्टी या तिन्ही ठिकाणी या संगतीचा हिशेब चुकला, तर त्याची किंमत मोठी असते.

उच्चतापसह धातू म्हणजे काय?

ज्यांचा वितळबिंदू अतिशय उच्च असतो, अशा धातूंना उच्चतापसह धातू म्हणतात. टंगस्टन (३,४२२ अंश सेल्सिअस), ऱ्हेनियम, टँटॅलम, मॉलिब्डेनम आणि निओबियम (२,४७७ अंश) हे पाच धातू या गटात निर्विवादपणे मोडतात. व्हॅनेडियम, क्रोमियम, झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांचाही विचार पुष्कळदा त्यांच्यासोबतच केला जातो. लोखंड १,५३८ अंशांना वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे या धातूंचे वेगळेपण ध्यानात येईल.

विदर्भाला यांतील एक धातू अगदीच परका नाही. वर्धा जिल्ह्याच्या शेजारी नागपूर-भंडारा पट्ट्यात कुही, खोबना, आगरगाव या परिसरातील खडकांत टंगस्टनची खनिजे आढळतात. त्यांतील धातूचे प्रमाण अल्प असल्यामुळे आपल्या गरजेचा टंगस्टन मुख्यतः बाहेरूनच येतो. निओबियम, टँटॅलम, व्हॅनेडियम आणि झिर्कोनियम यांच्या धातुविज्ञानाचा पाया मात्र देशात पक्का घातला गेला, आणि त्या कार्याचे प्रमुख केंद्र महाराष्ट्रातच, मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. चिरंजीव कुमार गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी व्हॅनेडियम व निओबियम यांच्या निष्कर्षणावर लिहिलेले ग्रंथ १९९२ आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. या विषयाचे अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात.

दोन कुळे, दोन स्वभाव

धातू हायड्रोजन शोषून घेतात, हे थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पॅलॅडियमवरील प्रयोगांतून १८६६च्या सुमारास दाखवून दिले. हायड्रोजनचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर फुटतो आणि त्याचे सुटे अणू आत शिरतात. पुढचे वर्तन मात्र धातूच्या कुळावर अवलंबून असते.

आवर्तसारणीतील पाचव्या गटाचे व्हॅनेडियम, निओबियम आणि टँटॅलम हे हायड्रोजनचे लोभी आहेत. हायड्रोजन आत घेताना त्यांच्यातून उष्णता बाहेर पडते. म्हणून तापमान जितके कमी, तितकी त्यांची भूक अधिक. पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ पापुद्रा नसता, तर निओबियमने साध्या खोलीच्या तापमानालाही हायड्रोजन वायू भरभरून शोषला असता. सहाव्या गटाचे मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांचा स्वभाव नेमका उलटा. त्यांच्यात हायड्रोजन घुसवण्यासाठी उष्णता खर्चावी लागते. एक हजार अंशांवर, एक वातावरण दाबाच्या हायड्रोजनमध्ये ठेवलेल्या टंगस्टनच्या दहा लाख अणूंमागे हायड्रोजनचा एक अणूही धड विरघळत नाही.

या स्वभावभेदाचा परिणाम थेट कारखान्यात दिसतो. टंगस्टनची भुकटी तयार करताना आणि ती दाबून, भाजून धातू घडवताना भट्टीत हायड्रोजन वायूच सोडतात. तो ऑक्साइडमधील ऑक्सिजन हिरावून घेतो, पाण्याची वाफ होऊन निघून जातो आणि धातू स्वच्छ होतो. विल्यम कूलिज यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विजेच्या दिव्यासाठी टंगस्टनची लवचीक तार बनवली, ती याच मार्गाने. निओबियम किंवा टँटॅलम यांना मात्र हायड्रोजनच्या भट्टीत घालून चालत नाही. त्यांना निर्वातच लागते, कारण टंगस्टनला स्वच्छ करणारा वायू त्यांना ठिसूळ करतो.

या ठिसूळपणाचाही उपयोग करून घेतला जातो, हे विशेष. टँटॅलम किंवा निओबियम ही चिवट धातू कुटून भुकटी करणे अवघड असते. म्हणून धातूला आधी मुद्दाम हायड्रोजन पाजतात, ठिसूळ झालेला धातू दळतात आणि मग निर्वातात तापवून हायड्रोजन काढून टाकतात. हायड्रोजन जसा येतो, तसा जातोही. ऑक्सिजनचे तसे नाही. तो एकदा आत शिरला, की त्याला बाहेर काढण्यासाठी निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने धातू वितळवण्यासारखे उपाय योजावे लागतात.

स्फटिकातील पाहुणे

निओबियमच्या स्फटिकात धातूचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी बसलेले असतात. त्यांच्यामध्ये दोन प्रकारच्या फटी उरतात. चार अणूंनी वेढलेल्या फटींत हायड्रोजन बसतो. सहा अणूंनी वेढलेल्या फटींत ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन बसतात. हे सारे पाहुणे एकाच घरात राहतात, पण त्यांच्या चपळाईत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खोलीच्या तापमानाला निओबियममधील हायड्रोजनचा अणू एका फटीतून दुसरीत सेकंदाला अब्जावधी उड्या मारतो. द्रवातील रेणूंच्या प्रसरणाशी तुलना व्हावी, इतका त्याचा घन धातूतील वेग असतो. त्याच तापमानाला ऑक्सिजनचा अणू मात्र जवळपास जागच्या जागी खिळलेला असतो. एका उडीसाठी त्याला कित्येक तास लागू शकतात.

आता ऑक्सिजन किंवा नायट्रोजनचा मोठा अणू ज्या फटीत बसतो, तेथील जाळी तो ताणतो. त्या ताणलेल्या शेजारात हायड्रोजनला थोडी अधिक सोयीची जागा मिळते. ऑक्सिजनच्या अगदी लगतच्या फटी त्याला मानवत नाहीत, कारण जवळ आलेले दोन उपरे अणू एकमेकांना दूर लोटतात; परंतु थोड्याच अंतरावरील फटींत तो रमतो. या आकर्षणाची ऊर्जा सुमारे ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी असते. खोलीच्या तापमानाला अणूंच्या उष्णताजन्य हालचालीची ऊर्जा याच्या चौथ्या हिश्शाएवढी असल्याने तेथे हायड्रोजन अडकतो आणि सुटतो, असा खेळ चालू राहतो. धातू थंड करत नेला, की सुटका कठीण होत जाते. उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास हाताशी पुरेसे सापळे असल्यास जवळपास सगळा हायड्रोजन त्यांत अडकलेला असतो.

१९७० आणि १९८०च्या दशकांत जर्मनीतील हेल्मुट विप्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतरोध, विशिष्ट उष्णता आणि न्यूट्रॉन विकिरण यांच्या साहाय्याने या सापळ्यांचा कसून अभ्यास केला. नायट्रोजनचा एक अणू सामान्यतः हायड्रोजनचा एकच अणू धरून ठेवतो, असे त्यांना आढळले. अशा प्रकारे अडकलेला हायड्रोजन निरपेक्ष शून्याच्या जवळ नेला तरी गोठून वेगळा होत नाही. शेजारच्या दोन फटींमधील ऊर्जेचा बांध ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही तो पुंज यामिकीच्या नियमांनुसार त्या बांधातून आरपार ये-जा करत राहतो.

हायड्रोजनचे हे वर्तन पाहण्यासाठी न्यूट्रॉनच का लागतात, हेही सांगितले पाहिजे. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉनांवरून परावृत्त होतात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन असतो एकच; निओबियमच्या ४१ इलेक्ट्रॉनांपुढे तो दिसेनासा होतो. न्यूट्रॉन मात्र हायड्रोजनच्या केंद्रकावर जोराने आदळून विखुरतात. अशा प्रयोगांची परंपरा भारतात तुर्भे येथेच रुजली. तेथील १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेची ‘ध्रुव’ ही संशोधन अणुभट्टी ऑगस्ट १९८५ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली आणि न्यूट्रॉन विकिरणाच्या प्रयोगांचे ती देशातील मुख्य साधन बनली.

अतिशुद्धतेची किंमत

सापळ्यांचे हे ज्ञान बराच काळ प्रयोगशाळेपुरते मर्यादित होते. कणत्वरकांनी त्याला व्यावहारिक मोल मिळवून दिले. निओबियम ९.२ केल्विनखाली, म्हणजे उणे २६४ अंश सेल्सिअसच्या सुमारास, अतिसंवाहक होतो. त्यापासून बनवलेल्या पोकळ कक्षांत, ज्यांना कॅव्हिटी म्हणतात, विद्युत्-चुंबकीय लहरी अत्यल्प ऊर्जाहानीने नांदतात आणि त्यांच्या जोरावर प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉन यांना वेग दिला जातो. या कक्षांतील उष्णता चटकन बाहेर पडावी म्हणून अधिकाधिक शुद्ध निओबियम वापरण्याकडे कल वाढला. ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन हे सारे शक्य तितके काढून टाकण्यात आले.

आणि मग १९९०च्या सुमारास एक विचित्र दुखणे निदर्शनास आले. कक्ष सावकाश थंड केला, तर त्याची गुणवत्ता एकाएकी ढासळे. झपाट्याने थंड केला, तर सगळे ठीक असे. कारणाचा शोध घेतला तेव्हा हायड्रोजन सापडला. पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी निओबियमला आम्लांत बुडवतात. त्या वेळी ऑक्साइडचा पापुद्रा विरघळतो आणि उघड्या पडलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो. पुढे कक्ष थंड होताना उणे १२० ते उणे २०० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळला, तर तो हायड्रोजन एकत्र येऊन निओबियम हायड्राइडचे कण तयार करतो. हायड्राइडचे आकारमान मूळ धातूहून बारा टक्क्यांच्या आसपास अधिक असते आणि त्याची अतिसंवाहकता निओबियमच्या तुलनेत अगदीच क्षीण असते. परिणामी कक्षात ऊर्जेची गळती सुरू होते.

यातील खरा बोध पुढेच आहे. पूर्वीच्या, तुलनेने अशुद्ध निओबियमच्या कक्षांत हे दुखणे फारसे जाणवत नव्हते. त्यांच्यात हायड्रोजन नव्हता असे नाही. परंतु ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांनी तो धरून ठेवला होता. शुद्धीकरणाने हे राखणदार हाकलले गेले आणि हायड्रोजनला रान मोकळे मिळाले. एक मलद्रव्य काढल्याने दुसऱ्याचा उपद्रव वाढतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण धातुविज्ञानात क्वचितच सापडेल.

यावरचा पहिला उपाय म्हणजे कक्ष ६०० ते ८०० अंशांवर काही तास निर्वातात तापवून हायड्रोजन हुसकून लावणे. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत अ‍ॅना ग्रासेलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ मध्ये तापलेल्या कक्षात काही मिनिटे अल्प दाबाचा नायट्रोजन सोडला. पृष्ठभागाचा वरचा थर खरवडून टाकल्यावर आत उरलेल्या नायट्रोजनमुळे कक्षांची गुणवत्ता कितीतरी पटींनी वाढल्याचे आढळले. त्यामागे एकापेक्षा अधिक कारणे आहेत. नायट्रोजन हायड्रोजनला बांधून ठेवतो आणि हायड्राइडचे कण बनू देत नाही, हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होय. अशा कक्षांवर आधारलेल्या कॅलिफोर्नियातील क्ष-किरण लेझर यंत्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पहिली शलाका दिली. निओबियमच्या कक्षांवरील या कार्यात तुर्भे, इंदूर, दिल्ली आणि कोलकाता येथील भारतीय संस्थाही फर्मी प्रयोगशाळेच्या सहकार्याने सहभागी आहेत.

टंगस्टन : वाफ आणि रिकाम्या जागा

टंगस्टनमध्ये हायड्रोजन विरघळतच नाही, तर मग तेथे चिंता कशाची? येथे दोन प्रकारची अडचण येते. पहिली भुकटी भाजताना. दाबलेल्या भुकटीतील छिद्रे बंद होऊ लागली, की आत शिरलेला हायड्रोजन तेथील उरल्यासुरल्या ऑक्साइडशी संयोग पावतो आणि पाण्याची वाफ तयार होते. हायड्रोजन लहान असल्याने धातूतून निसटू शकतो. वाफेचा रेणू निसटू शकत नाही. तो छिद्रांत कोंडून बसतो आणि त्यांना फुगवतो. निकेल आणि लोह मिसळलेल्या जड टंगस्टन मिश्रधातूंत हा दोष विशेषत्वाने आढळतो. शिवाय फॉस्फरस व गंधक हे कणांच्या सीमांवर गोळा होऊन तेथील पकड सैल करतात आणि विरघळलेला हायड्रोजन त्या दुबळेपणात भर घालतो. म्हणून असे मिश्रधातू शेवटी निर्वातात किंवा अरगॉन वायूत पुन्हा तापवून हायड्रोजनमुक्त केले जातात.

दुसरी अडचण संलयन भट्टीची. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या करारावर भारतासह सात पक्षांनी नोव्हेंबर २००६ मध्ये स्वाक्षऱ्या केल्या. भारताचा वाटा गुजरातमधील प्लाझ्मा संशोधन संस्थेमार्फत सांभाळला जातो. या भट्टीत अतितप्त प्लाझ्माला सामोऱ्या जाणाऱ्या भिंतींसाठी टंगस्टन निवडला आहे. तेथे हायड्रोजनचे जड भाऊ, म्हणजे ड्यूटेरियम आणि किरणोत्सर्गी ट्रिटियम, वेगाने भिंतीवर आदळून आत घुसतात. परिपूर्ण टंगस्टनच्या स्फटिकात ते थांबणार नाहीत. परंतु न्यूट्रॉनांच्या माऱ्याने जाळीतील धातूचे अणू उडून रिकाम्या जागा निर्माण होतात आणि अशी प्रत्येक जागा हायड्रोजनचे अनेक अणू घट्ट धरून ठेवते. ही पकड निओबियममधील ऑक्सिजनच्या पकडीपेक्षा दहापटींहून अधिक बळकट असते. कार्बन, ऑक्सिजन आणि हेलियम यांच्या उपस्थितीने या सापळ्यांची संख्या आणि खोली बदलते. निओबियममध्ये हवाहवासा वाटणारा सापळा येथे नकोसा ठरतो, कारण भिंतीत अडकलेला ट्रिटियम म्हणजे वाया गेलेले दुर्मीळ इंधन आणि सुरक्षेचा प्रश्नही. म्हणूनच ईटरच्या पात्रात साचू शकणाऱ्या ट्रिटियमवर मर्यादा घालण्यात आली आहे.

झिर्कोनियम : तारापूरचा संदर्भ

महाराष्ट्रातील वीजग्राहकाशी या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध झिर्कोनियममार्फत येतो. पालघर जिल्ह्यातील तारापूर येथील तिसरा व चौथा अणुभट्टी संच प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचा असून ते अनुक्रमे २००६ आणि २००५ मध्ये सुरू झाले. प्रत्येक संचात ३९२ आडव्या दाबनलिका आहेत. त्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के निओबियम मिसळून बनवल्या जातात. त्यांच्यात इंधन असते आणि त्यांतूनच तापलेले जड पाणी खेळते. पाण्यामुळे नलिकेचे किंचित क्षरण होते आणि त्यातून निघालेल्या ड्यूटेरियमचा काही अंश धातूत शिरतो. ३०० अंशांवर झिर्कोनियम दशलक्षात सुमारे ७० भाग हायड्रोजन विरघळवून ठेवू शकते. थंड झाल्यावर एक भागही नाही. जास्तीचा हायड्रोजन ठिसूळ हायड्राइडच्या पातळ पत्र्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

याचे परिणाम १ ऑगस्ट १९८३ रोजी कॅनडातील पिकरिंग येथे दिसले. एका दाबनलिकेचा आधार सरकल्याने ती बाहेरच्या थंड नलिकेला टेकली, त्या थंड जागेकडे हायड्रोजन ओढला गेला, हायड्राइडचे फोड आले आणि नलिका फाटली. त्या नलिका झिर्कालॉय-२ या मिश्रधातूच्या होत्या. भारतातील सुरुवातीच्या जड पाण्याच्या भट्ट्यांतही हाच मिश्रधातू होता. राजस्थानातील दुसऱ्या संचापासून सुरुवात करून १९९०च्या दशकापासून अशा भट्ट्यांतील सर्व नलिका काढून निओबियमयुक्त नलिका बसवण्याचे अवघड काम देशातच पार पाडण्यात आले.

येथेही सोबतीची कहाणी तीच आहे. झिर्कालॉय-२ मधील अल्प निकेल हायड्रोजनला आत येण्यासाठी जणू दार उघडून देतो. म्हणून इंधनाच्या आवरणासाठी निकेल वगळून झिर्कालॉय-४ तयार करण्यात आला. निओबियम असलेला मिश्रधातू हायड्रोजन कमी शोषतो. ऑक्सिजन ठरावीक प्रमाणात मुद्दाम ठेवला जातो, कारण तो बळकटी देतो. क्लोरीन आणि फॉस्फरस यांचा लवलेशही मात्र नलिकेचा चिवटपणा घटवतो. यासाठी ठोकळा निर्वातात एकदा-दोनदा नव्हे, तर चार वेळा वितळवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे क्लोरीन उडून जातो आणि मूळचा हायड्रोजनही निघून जातो.

समारोप

धातूतील अशुद्धी म्हणजे काढून टाकायचा कचरा, ही कल्पना सोपी असली तरी अपुरी आहे. उच्चतापसह धातूंच्या अभ्यासाने दाखवून दिले, की हायड्रोजनचे वर्तन त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते. निओबियममध्ये नायट्रोजन त्याला आवरतो. टंगस्टनमध्ये ऑक्सिजनशी मिळून तो वाफेचे फुगे करतो. झिर्कोनियममध्ये निकेल त्याला आत घेतो, तर निओबियम त्याचा शिरकाव कमी करतो. म्हणून कुशल धातुशास्त्रज्ञ केवळ प्रत्येक मलद्रव्याची स्वतंत्र मर्यादा ठरवून थांबत नाही. कोणते कोणासोबत, किती तापमानाला आणि किती काळ राहील, याचा तो एकत्रित विचार करतो. पावसाळ्यात भंगार कोरडे ठेवण्यासाठी धडपडणारा पोलाद कारखान्यातील कामगार आणि उणे २७० अंशांवर निओबियमचे कक्ष तपासणारा शास्त्रज्ञ हे दोघेही एकाच अतिलहान अणूशी झुंजत असतात. त्या झुंजीत केवळ शुद्धतेवर भिस्त ठेवून चालत नाही, हे दोघांनीही अनुभवाने जाणलेले असते.